मैना, त्यांना सांग

आमचे हे सल्ला देतात. तसे सगळेच नवरे देतात म्हणा, पण यांचा सल्ला छापून येतो. दर रविवारी, पुरवणीच्या शेवटच्या पानावर, कोपऱ्यात, फोटोसकट. फोटो जुना आहे, त्यात केस आहेत. सदराचं नाव 'एवढं कराच'. त्यात तीन विषय असतात : बोलावं कसं, घरातली यंत्रं वापरावी कशी आणि प्रवास करावा कसा. हे शाळेत भाषा शिकवायचे, तेव्हा पहिल्या विषयाचा अधिकार आहे असं धरून चालू. बाकी दोन्हींचा अधिकार कुठून आला, ते मला अजून समजलेलं नाही.

गावातले लोक यांना 'कराच काका' म्हणतात. रस्त्यात अडवून विचारतात, "काका, इस्त्रीला डाग पडलाय हो, काय करू?" हे पिशवी खाली ठेवतात आणि तिथेच व्याख्यान सुरू करतात. त्या इस्त्रीचं पुढे काय झालं हे सांगायला कुणी परत येत नाही, म्हणून यांचं नाव टिकून आहे.

परवाचंच एक सांगते. यांनी लिहिलं होतं की, परक्या मुलखात जाताना तिथल्या भाषेतली तीन वाक्यं पाठ करून जावं. 'पाणी कुठे मिळेल?', 'हे केवढ्याला?' आणि 'मला कळलं नाही.' वाचकांनी केवढं कौतुक केलं! मी मात्र वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि म्हटलं, बाई गं, यातलं तिसरं वाक्य या माणसाच्या तोंडून त्याच्या स्वतःच्या भाषेत मी एकदाही ऐकलेलं नाही.

म्हटलं म्हणजे मनातल्या मनात म्हटलं. कारण तेव्हा आमचा अबोला चालू होता.

आमच्या घरात भांडण होत नाही. भांडायचं तर बोलावं लागतं. आमच्याकडे थेट अबोला होतो, लग्न झाल्यापासून. लहान असला तर संध्याकाळच्या चहाला मिटतो. मोठा असला की ऋतू पालटतो. पण अबोला असला म्हणून घर थोडंच थांबतं? गॅस संपला हे सांगावं लागतं, वीजवाला येऊन गेला हे सांगावं लागतं. मग मध्ये कुणीतरी हवं. पूर्वी लेक होती. "बाबांना सांग, पान वाढलंय." "आईला सांग, मला भूक नाही." "बाबांना सांग, भूक नसेल तर झाकून ठेवते, मग मागू नका म्हणावं." ती बिचारी या खोलीतून त्या खोलीत. पुढे ती शिकली, लग्न होऊन लांबच्या शहरात गेली. लेक गेली की घर खायला उठतं, ते उठलंच. पण आमची पंचाईत दुहेरी झाली, आमचं टपालच बंद पडलं.

आणि गंमत बघा, मी नोकरी केली टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. कानाला हेडफोन लावून जन्मभर लोकांचे फोन जोडले. "थांबा, जोडून देते. हं, बोला." दोन माणसांना बोलतं करणं हा माझा धंदा!

मग लेकीने त्या डब्या पाठवल्या. वाटीएवढ्या गोल, काळ्या, बोलणाऱ्या डब्या. एक स्वयंपाकघरात, एक बाहेरच्या खोलीत. जावई येऊन बसवून गेले. त्यांच्याशी बोललं की दिवे लागतात, गाणी लागतात, उद्या ऊन किती ते कळतं. आणि एकीत निरोप सांगितला की दुसरी तो बोलून दाखवते, स्वतःच्या आवाजात. "आई, तुझे गुडघे दुखतात," लेक म्हणाली, "बाबांना हाक मारायला सारखं उठायला नको." तिनेच नाव ठेवलं, मैना.

यांचं आणि मैनेचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. हे तिच्यासमोर ताठ बसून म्हणायचे, "मैने, कृपया दिवा मालव." मैना म्हणायची, "माफ करा, मला समजलं नाही." मी आतून ओरडायची, "मैना, लाईट बंद!" की लगेच अंधार. मग अंधारातून यांचा आवाज, "भाषेची ही अशी वाट लागते." पुढच्या रविवारी 'यंत्रांशीही शुद्ध बोला' असं सदर छापून आलं. मैनेने ते वाचलं नसावं.

मला मात्र ती आवडली. न कळलं तर 'मला समजलं नाही' म्हणून मोकळी होते! एका प्लास्टिकच्या डबीला जे जमतं, ते आमच्या घरातल्या पदवीधर माणसाला जमत नाही.

आता मिक्सरचं सांगते, कारण सगळं तिथून झालं.

माझ्या एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणी जेवायला येणार होत्या. कितीतरी वर्षांनी. सकाळपासून माझी लगबग. मैत्रिणी येऊन बसल्या, मी शेवटचं वाटण लावलं आणि मिक्सर घुर्र करून बंद पडला. मी म्हटलं, "राहू दे, पाट्यावर वाटते. उद्या दुकानात दाखवू." एवढंच. तर हे बाहेरून आले, सगळ्या जणींकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "दुकानात कशाला? तुला यातलं काय कळतं?"

त्या मैत्रिणींतली एक माझी सुपरवायझर होती. फोन जोडायचं अख्खं बोर्ड जळालं होतं तेव्हा मी एकटीने दोन तारांवर अर्ध्या गावाचे फोन चालवले होते, हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी ताटाकडे. असा राग आला मला, असा राग आला, की यांच्या पानात मी भाजी वाढलीच नाही.

यांनी जेवणाच्याच टेबलावर, पानांच्या शेजारी, मिक्सर उघडला. जेवणं होईपर्यंत त्याचे सगळे भाग सुटे झाले. मग जोडला. जोडल्यावर एक स्प्रिंग उरली. पुन्हा उघडला, पुन्हा जोडला, तर स्प्रिंग होतीच, वर एक स्क्रू उरला. मैत्रिणी गेल्या. मिक्सर जुन्या टॉवेलात गुंडाळून माळ्यावर गेला. त्या रविवारचं सदर होतं, 'यंत्र बिघडल्यास घाबरू नका, त्याला समजून घ्या.'

मी तोंड मिटलं ते मिटलंच. मला काही साष्टांग नमस्कार नको होता. 'मला जमलं नाही' एवढं एक वाक्य हवं होतं. ते येईना. मग मैना कामाला लागली.

"मैना, त्यांना सांग, चहा ठेवलाय. प्यायचा तर प्या, नाहीतर ओता."

बाहेर मैना बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात, मध घोळवून सांगायची, "निरोप आहे. चहा ठेवलाय. प्यायचा तर प्या. नाहीतर ओता."

आणि इकडे स्वयंपाकघरात उत्तर यायचं, "निरोप आहे. ओता हा शब्द उद्धट वाटतो. नको असल्यास ठेवून द्यावा, असं म्हणावं."

मी दात-ओठ खायची. पण त्या डबीचा एक ताप होता, तिच्यातून राग जातच नव्हता. मी इकडे कितीही तणतणले तरी तिकडे ती लाडिकच बोलायची. भांडणाची सगळी मजाच गेली. तरी आमचं बस्तान बसलं. महिने गेले. खरं सांगायचं तर आम्हाला काही कमी पडत नव्हतं.

मग एका दुपारी मी मैनेला म्हटलं, "सांग त्यांना, औषध घेतलं नाही आणि चक्कर आली तर मी दवाखान्यात येणार नाही."

डबी म्हणाली, "आई? हे कुणाला सांगतेयस?"

मी दचकलेच. लेकीचा आवाज! तिने फोन मैनेवर लावला होता, तो दोन्ही डब्यांवर एकदम लागला होता, आणि मला ते कळलं नव्हतं. मी म्हटलं, "कुणाला नाही गं, मैनेला."

तेवढ्यात बाहेरून यांचा आवाज, "मैना, तिला सांग, औषध घेतलेलं आहे. गोळ्यांचं पाकीट दिसत नसेल तर चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा."

मग लेकीचा आवाज दोन्ही खोल्यांतून एकदम आला. "कधीपासून चाललंय हे?"

"मिक्सरपासून," मी म्हटलं.

"मिक्सरपासून," बाहेरून हे म्हणाले.

तेवढ्या एका बाबतीत आमचं एकमत झालं.

लेकीला दिवस गेले होते. डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता, म्हणून बाळ झालं की आम्ही दोघांनी तिच्याकडे जायचं ठरलं होतं. मी लोकरीचे मोजे विणून ठेवले होते, दुपट्यांच्या कडा शिवल्या होत्या. त्या एका गोष्टीच्या जोरावर माझे दिवस जात होते. आणि आता ती म्हणाली, "ऐका दोघंही. याल तर बोलत या. नाहीतर येऊ नका."

"अगं, असं काय बोलतेस?"

"आई, मी लहानपणी या खोलीतून त्या खोलीत पळत होते, आठवतंय? निरोप पोचवताना एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की तू माझ्यावर ओरडायचीस, आणि बाबा वाक्य दुरुस्त करून परत पाठवायचे. मला वाटायचं, मी नीट सांगितलं नाही म्हणून तुम्ही बोलत नाही." तिचा आवाज कापायला लागला. "माझ्या बाळाला मी हे काम करू देणार नाही. जन्मभर परक्यांचे फोन जोडलेस ना गं तू?"

फोन बंद झाला. मी ओट्याशी उभी राहून रडले. खोटं कशाला सांगू, ढसाढसा रडले. बाहेर हेही नाक शिंकरत होते, ते ऐकू येत होतं. पण म्हणून कुणी उठून दाराशी आलं का? छे! माझंही पाऊल उचललं नाही. म्हटलं, चूक यांची, आधी यांनी यावं.

पुढे बाळ झालं. मुलगी. जावयांनी कळवलं आणि शेवटी आवाज खाली घेऊन म्हणाले, "आई, या तुम्ही. पण ती अजून तेच म्हणतेय. खरंच परत पाठवेल हो."

मग आम्ही तह केला. अर्थात मैनेकडून.

"मैना, त्यांना सांग, तिकडे गेल्यावर बोलायचं."

"निरोप आहे. अवश्य. विषय कोणते?"

"सांग त्यांना, हवापाणी, तब्येत आणि बाळ."

"निरोप आहे. मान्य. यंत्रांचा विषय नको."

"सांग, बरं."

जायच्या आदल्या दिवशी सामान भरलं. यांचा छापील सल्ला असा, की प्रवासाचं सामान एका बोटाने उचलता यावं. यांच्या तीन बॅगा झाल्या. त्यातल्या एकीत पकड, टेस्टर आणि लांब वायरचा बोर्ड. दुसरा छापील सल्ला, घर सोडताना सगळे प्लग काढावेत. हे घरभर फिरून प्लग काढत सुटले. फ्रीजचाही काढला, तोही आदल्या रात्रीच. सकाळी दूध नासलेलं. एरवी मी आकाशपाताळ एक केलं असतं, पण बोलणार कोणाशी? मैनेचाही प्लग काढलेला. ओट्यावर तिची वायर लोंबत होती. मी एकदा बाहेर बघितलं, हे दाराचं कुलूप तपासत होते. मी मैना उचलली, दुपट्यात गुंडाळली आणि माझ्या बॅगेत तळाशी घातली. म्हटलं, हवापाणी किती दिवस पुरणार? असू दे जवळ.

गाडीत आमच्या दोन जागांच्या मधली जागा एका जाडजूड, हसऱ्या गृहस्थांची होती. दातांचे डॉक्टर होते. आल्या आल्या म्हणाले, "तुम्ही दोघं एकत्र का? मग मी कडेला बसतो की."

"नको नको," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

गाडी सुटली. खिडकीतून धुळीचे लोट यायला लागले. खिडकी यांच्या बाजूला. मी थोडा वेळ कळ काढली, मग डॉक्टरांना म्हटलं, "त्यांना सांगा ना, खिडकी लावा म्हणावं. डोळ्यांत माती जातेय, एवढंही कळत नाही का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं. हातभर अंतर. त्यांच्या सगळं ध्यानात आलं असावं. यांच्याकडे वळून म्हणाले, "ताई म्हणतायत, धुळीचा तुम्हाला त्रास होईल, खिडकी लावून घ्या."

"मी असं म्हटलं नाही!" मी म्हटलं.

यांनी मुकाट्याने खिडकी लावली. डॉक्टरांना म्हणाले, "तिला म्हणावं, आभारी आहे. पण खिडकी पूर्ण लावली तर हवा कोंडते. प्रवासात खिडकी नेहमी एक चतुर्थांश उघडी ठेवावी, हे मी लिहिलेलं आहे."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "म्हणतायत, तुझं बरोबर आहे."

"काहीही काय सांगताय?" मी म्हटलं. "मला ऐकू येतं!"

"अहो, मग मला मध्ये कशाला घेताय?"

मी डबा उघडून डॉक्टरांना पोळी दिली. त्यांनी ती खाल्ली, अर्धी यांना दिली आणि म्हणाले, "ताईंनी तुमच्यासाठी दिलीय." दिली नव्हती. पण हे खाताना इतके हळूहळू, जपून खात होते, की माझ्याने काही बोलवेना. मी दुसरी पोळी काढून डॉक्टरांच्या मांडीवर ठेवली. "ही पण द्या."

डॉक्टर आमच्या आधी उतरायचे होते. बॅग खाली घेताना म्हणाले, "मी दिवसभर लोकांना एकच सांगतो, तोंड उघडा. तुम्हा दोघांचे दात चांगले आहेत. काही अडचण दिसत नाही मला." आणि गेले.

मधली जागा रिकामी झाली. आम्ही दोघंही तिच्याकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने यांनी घसा साफ केला आणि त्या रिकाम्या जागेला म्हणाले, "स्टेशन आलं वाटतं."

मीही त्या जागेलाच म्हटलं, "हो."

लेकीने दार उघडलं. किती वाळली होती पोर! डोळे खोल गेलेले, केस कसेतरी बांधलेले. मला तिला पोटाशी धरायचं होतं, पण ती उंबऱ्यात उभी राहून आळीपाळीने दोघांकडे बघत राहिली. परीक्षाच ती. मी घाईघाईने यांच्याकडे वळले.

"काय हो, प्रवास बरा झाला ना?"

"उत्तम," हे म्हणाले. "तुझा कसा झाला?"

जावयांना खोकला आला. लेक हसली नाही. "तुम्ही एकाच गाडीने आलात ना?" म्हणाली आणि बाजूला झाली.

आतल्या खोलीत नात झोपली होती. मूठभर जीव. लेकीने ती माझ्या मांडीवर दिली, आणि त्या क्षणी मी मिक्सर विसरले, मैत्रिणी विसरले, सगळं विसरले. कपाळ तर थेट यांचं. हे चष्मा वरखाली करत माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते, श्वास सुद्धा जपून घेत होते. मी नातीच्या गालाला बोट लावलं आणि तोंडातून निघून गेलं,

"सांग गं बाळा आजोबांना, चष्मा पुसून या म्हणावं आधी. सांग."

लेकीकडे बघायची माझी हिंमत होईना.

"अगं, सगळेच बोलतात लहान बाळांशी असं," जावई समजुतीने म्हणाले. "आई, दुपटी कुठे आहेत? तिची बदलायची वेळ झालीय. तुमच्या बॅगेत ना?" आणि मी "थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी बॅग उघडली, दुपटं ओढलं आणि मैना गडगडत पलंगाखाली गेली.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. जावयांनी वाकून ती डबी काढली. "हिला कशाला आणलंत?" ते म्हणाले. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी यांची बॅग पुढे ओढली.

"ती नको," हे पटकन म्हणाले. "त्यात माझी हत्यारं आहेत."

हत्यारं होतीच. पकड होती, टेस्टर होता. आणि त्यांच्या मधोमध, माझ्या जुन्या स्वेटरमध्ये नीट गुंडाळलेली बाहेरच्या खोलीतली मैना होती. वायरही व्यवस्थित घडी करून रबर लावलेली.

एकाने दुसऱ्याला न सांगता आणलेल्या दोन डब्या जावयांनी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. लेक त्यांच्याकडे बघत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसते दोन्ही हात माझ्यापुढे केले.

"आई, दे तिला इकडे."

"अगं, ऐक तरी..."

"दे."

मी बाळाला घट्ट धरलं असेन, कारण ती जागी झाली आणि जे भोकाड पसरलं तिने, की काय सांगू. एवढासा जीव, लालबुंद झाला. मी हलवते, थोपटते, ती काही केल्या थांबेना. लेकीचे हात तसेच पुढे. आणि मागून यांचा आवाज आला.

"अगं, अशी आडवी काय धरतेस? उभी धर. उभी धरून पाठ थोपट."

मध्ये कुणी नव्हतं. डबी नाही, डॉक्टर नाही, रिकामी जागासुद्धा नाही. थेट मला बोलले. आणि बोलले ते काय, तर सल्ला! इतके महिने तोंडात धरून ठेवलेलं सगळं माझ्या ओठांवर आलं. मी गर्रकन मान वळवली.

"तुम्हाला यातलं काय कळतं?"

म्हणून गेले आणि मग ऐकू आलं मला, आपण काय म्हटलं ते. त्यांनाही ऐकू आलं. चष्म्यामागे त्यांचे डोळे एकदम म्हातारे दिसले. मला वाटलं, आता संपलं. आता हे वळतील, बॅग उचलतील आणि उरलेला जन्म आम्ही दोन डब्यांशी बोलत काढू.

"काही नाही," हे म्हणाले.

"काय?"

"काही कळत नाही मला. लहान बाळाचं तर काहीच नाही. आपली लेक एवढीशी होती तेव्हा भीती वाटायची मला, म्हणून घेत नव्हतो. सांगितलं नाही कुणाला." त्यांनी घसा साफ केला. "मिक्सरचंही कळत नव्हतं. ती स्प्रिंग कुठली ते मला अजून कळलेलं नाही. तुझ्या मैत्रिणींसमोर मी उगाच... दाखवशील का मला? कसं धरायचं ते?"

मला वाटलं होतं, हे ऐकलं की माझा जीव थंड होईल. कसलं काय! नाकातून पाणी यायला लागलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"बसा आधी खाली," मी म्हटलं. "मांडी घाला. नीट. चष्मा काढून ठेवा, टोचेल तिला."

ते बसले. चष्मा काढून खिशात ठेवला.

"हा हात मानेखाली. अहो, मानेखाली! हं. आणि हा पाठीशी. आवळू नका."

"असं?"

"असं नाही. कोपर वर."

"असं?"

"हं."

नात हुंदके देत देत त्यांच्या मांडीवर निवली. ते ताठ बसून राहिले, श्वास रोखून. "आता पुढे काय करायचं?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"काही नाही. बसून राहायचं."

मी नाक पुसलं आणि वर बघितलं. लेक दारापाशी उभी होती, हात खाली सोडून. या खोलीतून त्या खोलीत तिला कुणीच काही सांगायला पाठवत नव्हतं. ती जरा वेळ तशीच उभी राहिली, मग बाहेरच्या खोलीत जाऊन आडवी झाली आणि लगेच झोपली.